हिंद नगरची राखण

कोरियात आम्ही लढायला गेलो नव्हतो, हे बेळगावच्या वडगावातल्या माणसांना पटवता पटवता माझे केस पांढरे झाले. फौजेतला माणूस दर्यापार गेला म्हणजे त्यानं निदान चार शत्रू तरी लोळवले पाहिजेत, ही मागावर बसणाऱ्या माणसाची साधी अपेक्षा. आम्ही तिथं राखणीला होतो. तीही मुलखाची किंवा खजिन्याची नव्हे. लढाईत धरले गेलेले बावीस हजारांवर कैदी होते. लढाई थांबली तरी आपल्या देशात परत जायला ते नाही म्हणत होते, त्यांची ही राखण. त्यांना कुणी जबरदस्तीनं तिकडं न्यायचं नाही आणि ज्याला जायचं असेल त्याला कुणी अडवायचं नाही. हुकूम एवढाच. ऐकायला सोपा वाटतो.

मी मॅट्रिक होऊन कॅम्पातल्या मराठा सेंटरात भरती झालो तेव्हा घरात कुणी खूश नव्हतं. वडील शहापुरी लुगडी विणत. माझाही हात धोट्यावर बसावा अशी त्यांची इच्छा होती, पण माझं अक्षर चांगलं आणि इंग्रजी बरं, म्हणून फौजेनं मला कारकून केलं. बंदूक चालवायला शिकलो, पण नोकरी झाली ती दौत, टाक आणि टाइपरायटरवर. १९५३ साली कोरियाला जाणाऱ्या फौजेच्या हेडक्वार्टरात जी माणसं गोळा केली, त्यांत माझी वर्णी लागली. त्या फौजेचं नाव कस्टोडियन फोर्स, इंडिया. आमचे मोठे साहेब मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, म्हणजे शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. त्यांच्याही वर, पाच देशांच्या आयोगाचे अध्यक्ष म्हणून जनरल थिमय्या होते. हे दोघं १९४५ साली आराकानात कांगावच्या लढाईत एकाच ब्रिगेडमध्ये शेजारशेजारच्या पलटणींचे कमांडर होते. दोघांत किती विश्वास होता, ते पुढं आम्हांला दिसलंच.

भांडण काय होतं ते थोडक्यात सांगतो. जिनिव्हाचा १९४९ चा करार म्हणतो, लढाई संपली की कैदी ताबडतोब मायदेशी पाठवा. चीन आणि उत्तर कोरिया त्या कलमावर बोट ठेवून बसले होते. अमेरिकेचं म्हणणं, जो जायला तयार नाही त्याला संगिनीच्या टोकावर पाठवायचं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्तांनी रशियन कैदी असेच गाड्यांत भरून परत पाठवले होते आणि तिकडं त्यांचे हाल झाले होते, ती आठवण ताजी होती. या एका मुद्द्यावर तह दीड वर्ष रखडला. त्या दीड वर्षात किती माणसं मेली असतील याचा हिशेब कुणी या कैद्यांना सांगितला नसावा. त्यात दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी जून १९५३ मध्ये सत्तावीस हजारांच्या आसपास कोरियन कैदी रातोरात छावण्यांतून सोडून दिले, तेव्हा सगळाच डाव विस्कटायला आला. शेवटी ठरलं असं की, राहिलेले कैदी तटस्थांच्या ताब्यात द्यावेत, नव्वद दिवस त्यांच्या देशाच्या माणसांनी येऊन त्यांची समजूत काढावी, आणि मग ज्याचं त्यानं ठरवावं. आयोगावर हिंदुस्थान, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया. पहारा मात्र एकट्या हिंदुस्थानचा.

मद्रासहून जहाजानं निघालो. इंचॉनच्या बंदरात पोचलो तर किनाऱ्यावर उतरायची सोय नाही. री साहेबांनी बजावलं होतं की हिंदी शिपायाचा पाय आमच्या भूमीवर पडता कामा नये. आम्ही त्यांच्या लेखी कम्युनिस्टांचे मित्र. मग अमेरिकनांनी तोड काढली. जहाजातून विमानवाहू नौकेवर, तिथून हेलिकॉप्टरनं थेट तहाच्या निर्लष्करी पट्ट्यात. सहा हजार माणसं अशी वरच्या वर उचलून नेली. आमच्यातल्या कित्येकांनी तोवर हेलिकॉप्टर पाहिलंही नव्हतं. एक सुभेदार निपाणीकडचे होते, ते चढताना पुटपुटले, "पाव्हण्याला दारातनं घेत न्हाईत, माळ्यावरनं सोडत्यात." पुढं पाच महिने ह्या सुभेदारांच्या तोंडानंच मला धीर दिला.

पट्ट्यात जो तळ वसवला त्याचं नाव हिंद नगर. नावात नगर, बाकी तंबू, काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे आणि चिखल. कैद्यांची कंपाउंडं वेगवेगळी, एकेकात पाचशेच्या आसपास माणसं. सप्टेंबरात दोन आठवडे रोज कैदी येत राहिले. अमेरिकनांच्या ताब्यातून २२,६०४ आले, त्यांत चिनी साधारण चौदा हजार सातशे आणि कोरियन सात हजार नऊशे. उलट बाजूनं, म्हणजे कम्युनिस्टांकडून, घरी जायला नकार देणारे ३५९ आले. बहुतेक दक्षिण कोरियन, तेवीस अमेरिकन आणि एक इंग्रज. ते वेगळ्या तळावर होते आणि त्यांच्याशी माझा संबंध आला नाही.

माझं काम नामावलीचं. अमेरिकनांनी दिलेली यादी घ्यायची, कंपाउंडात माणसं मोजायची, यादीशी ताळा करायचा. वाटलं होतं, दोन दिवसांत आटपेल. चिन्यांत वांग, ली आणि चांग, कोरियनांत किम आणि पाक, यांच्यापलीकडं आडनाव जणू नाहीच. रोमन अक्षरांत लिहिलं की एकाच नावाची पंचवीस माणसं. शिवाय किती जणांनी धरले जाताना खोटं नाव सांगितलं होतं देव जाणे. तिकडं घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून. यादीतला माणूस समोर उभा आहे तोच, याची खात्री फक्त त्याच्या नंबरावरून. आणि नंबर तरी कोण पाहू देतो? रांग लावायची तर आधी कंपाउंडाच्या पुढाऱ्यानं मान हलवावी लागे. तो शिट्टी फुंकी, तेव्हा पाचशे माणसं एका दमात उभी राहत. आमच्या हुकमाला कुणी हलत नसे.

हे पुढारी म्हणजे या गोष्टीतलं मुख्य दुखणं. बाहेरच्या वर्तमानपत्रांना त्या तारेआड एकच चित्र दिसे: कम्युनिस्टांना विटलेली, स्वातंत्र्यासाठी तळमळणारी माणसं. तशी होतीही. बरेच चिनी आधी च्यांग कै-शेकच्या फौजेतले. १९४९ साली हरल्यावर माओच्या फौजेत ओढले गेले आणि तिथून कोरियात पाठवलेले. त्यांना तैवानला जायचं होतं. त्यांनी कापडाचे तुकडे जोडून राष्ट्रवादी चीनचे झेंडे शिवले होते, अंगावर कम्युनिस्टांविरुद्धच्या घोषणा गोंदवून घेतल्या होत्या. पण त्याच तारेआड असेही होते ज्यांच्या दंडावर ती घोषणा चार जणांनी धरून गोंदवली होती. आता गोंदलेला दंड घेऊन माओच्या मुलखात जायचं कसं? माणसाला माघारी फिरता येऊ नये म्हणून गोंदण हा फार पक्का बंदोबस्त. दिवसा ते सगळ्यांबरोबर घोषणा देत आणि रात्री जागे राहत.

असा एक जण सप्टेंबर संपता संपता आमच्या गारदीकडं आला. मी त्या रात्री ड्यूटी क्लार्क होतो. तारेवर घोंगडी टाकून, पोटावर सरपटत तो पलीकडं पडला, तोवर आतून दगड यायला लागले होते. शिपायांनी त्याला उचलून आमच्या तंबूत आणला. गुडघे फाटलेले, एक कान सुजलेला. वय माझ्याएवढंच, तेवीस-चोवीस. दुभाषा यायला तास लागला, कारण चिनी जाणणारे दुभाषे आमच्याकडं मोजके आणि त्यांना झोप नव्हतीच. तोपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसलो. मी पाणी दिलं, चहा दिला. त्यानं चहा हुंगून खाली ठेवला. त्यात दूध होतं.

दुभाषा आल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा: तुम्ही माझं नाव लिहिलंत तर ते आतल्या लोकांना कळेल का? आम्ही नाही म्हणालो. मग त्यानं दोन नावं सांगितली. एक यादीतलं, एक आईनं ठेवलेलं. पोटात कळ आलीय असं सांगून तो संडासाकडं गेला होता, तिथून तारेशी. त्याच्या तंबूतल्या आणखी दोघांना यायचं होतं, पण त्यांची हिंमत झाली नाही. ते कोण हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. डाव्या दंडावरची निळी अक्षरं तो बोलताना नखानं खरवडत होता. दुभाष्यानं त्याला सांगितलं, ती तशी निघायची नाहीत. मी दोन्ही नावं लिहिली, नंबर लिहिला, वेळ लिहिली, आणि त्याला दुसऱ्या दिवशी पलीकडच्या बाजूच्या ताब्यात दिलं. पुढं त्याचं काय झालं असेल हा विचार मी पुष्कळ वर्षं केला. चीनमध्ये परत गेलेल्या कैद्यांना चांगली वागणूक मिळाली नाही, हे नंतर उघड झालं. पण त्याला घरी जायचं होतं, आणि ते त्यानं तार ओलांडून सांगितलं होतं.

त्याच दिवसांत आमच्या फौजेतल्या मेजर ग्रेवाल यांचं प्रकरण घडलं. एका चिनी कंपाउंडात कैद्यांनी त्यांना घेरून आत अडकवलं. बाहेर आमचे शिपाई बंदुका रोखून, आत पाचशे संतापलेली माणसं, आणि आजूबाजूच्या कंपाउंडांत घोषणांचा गदारोळ. एक गोळी सुटली असती तर तिथं कत्तल झाली असती. थोरात साहेब आले आणि हत्यार न घेता, मोजक्या माणसांनिशी सरळ दारातून आत गेले. आम्ही हेडक्वार्टरात फोनशी कान लावून बसलेलो. काही वेळानं साहेब ग्रेवालांना घेऊन बाहेर आले. आत काय बोलले याच्या तळावर दहा कहाण्या झाल्या. सगळ्यांत लाडकी अशी की, साहेबांनी आत जाऊन आधी विचारलं, चिनी लोक पाहुणचारात नाव काढलेले, मग इथं अजून कुणी चहासुद्धा का विचारला नाही? खरी असो नसो, त्यांना ओळखणाऱ्याला ती खरी वाटे. पुढं त्यांना जे सन्मान मिळाले ते मिळाले, पण शिपायाच्या मनात साहेब बसले ते त्या अर्ध्या तासात.

नेहमीच असं निभावलं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कैद्यांनी दंगा केला, तारा तोडायचा प्रयत्न केला, तेव्हा आमच्या शिपायांना गोळी चालवावी लागली आणि कैदी मेले. ज्यांच्या राखणीला आलो त्यांच्यावरच गोळी. त्या रात्री लंगरात भाकरी फारशी खपली नाही. सेऊलच्या वर्तमानपत्रांनी आम्हांला खुनी म्हटलं, पेकिंगच्या रेडिओनं नेभळट म्हटलं. सुभेदार म्हणाले, दोघंबी शिव्या देत्यात म्हंजी काम बराबर चाललंय. मला तेव्हा हसू आलं नाही.

१५ ऑक्टोबरला समजावणी सुरू झाली. त्यासाठी ओळीनं तंबू उभारले होते. प्रत्येकात टेबलापाशी चिनी किंवा उत्तर कोरियन अधिकारी, बाजूला पाचही देशांचे प्रतिनिधी, अमेरिकनांचा निरीक्षक, दुभाषे. कैदी आत यायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना आमचे दोन जवान. बोलणं संपलं की दोन दारं: एक मायदेशी, दुसरं परत छावणीकडं. यादीवर खूण करायला काही दिवस माझीही तिथं नेमणूक झाली.

बरेच जण आत यायचे तेच ओरडत. तैवान, तैवान! कुणी थुंकायचा, कुणी खुर्ची उचलायचा, कुणी कानांत बोटं घालून गाणं म्हणायचा. जवानांनी दंड धरून ठेवायचे, पण दुखवायचं नाही. समजावणारे अधिकारी मात्र थंड. आई वाट बघते आहे, सरकारनं सगळं माफ केलं आहे, तुझ्या गावात धरण झालं आहे. एका माणसामागं कधी कधी तीन तास. पाढा तोच. मला त्या अधिकाऱ्यांचा राग यायचा, मग वाटायचं, यांनाही वर जाब द्यायचा आहे.

एक उंच, हडकुळा माणूस आला तो ओरडला नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. खेडूत होता, हात बघूनच कळत होतं. आमच्या येळ्ळूरच्या शिवारात बासमती लावणाऱ्यांचे असतात तसले. अधिकाऱ्याचं संपल्यावर त्यानं एकच विचारलं: माझ्या बापाची जमीन आता कुणाच्या नावावर आहे? अधिकाऱ्यानं जमीन सुधारणेवर बरंच काही सांगितलं. दुभाषा सगळं सांगेपर्यंत तो माणूस मान हलवत होता. मग उठला, आमच्या जवानाकडं बघितलं आणि छावणीच्या दारानं बाहेर पडला. त्याच्या जमिनीचं नाव शेवटपर्यंत आलं नव्हतं. त्या सगळ्या आठवड्यांत राजकारणावर बोललेला मला आठवतो तो हा एवढाच माणूस.

पहिल्याच दिवशी मायदेशी जाणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले, आणि दुसऱ्या दिवशी कोरियन कैद्यांनी तंबूंकडं यायलाच नकार दिला. आता आयोगात जुंपली. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाचं म्हणणं, यांना यांचे पुढारी धाकात ठेवतात; फौज आत घाला, पुढारी वेगळे काढा, प्रत्येकाला ओढून आणा आणि ऐकवा. स्विस आणि स्वीडिश प्रतिनिधी म्हणाले, जबरदस्ती करणार असाल तर आम्ही निघालो. थोरात साहेबांचा अंदाज असा होता की, आत फौज घातली तर शेकडो माणसं मरतील. थिमय्यांनी जबरदस्ती नाकारली.

सुभेदारांच्या मते हा सगळा खेळच वाकडा होता. ते म्हणाले, "पोरीला बघाय लोक आल्यात, म्होरं मामा-काका मिशा पिळत बसल्यात, आन् इचारायचं, बाई, पसंत हाय न्हवं? ती काय न्हाय म्हणंल?" मला त्यांचं म्हणणं पटायचं, पण अर्धंच. मामा-काकांना हाकलून दिलं, पोरीला खोलीत कोंडलं आणि मग विचारलं, तरी ते विचारणं होत नाही. पोलिश प्रतिनिधी पुढाऱ्यांच्या धाकाबद्दल म्हणत होते ते खरं होतं. त्यावर त्यांनी काढलेला उपाय मात्र भयंकर होता. या दोन गोष्टी एका वेळी डोक्यात ठेवणं हीच आमची नोकरी होती. जे आम्हांला जमलं ते इतकंच की, दरवाजा दिवसरात्र उघडा ठेवला. कुणीही, केव्हाही, गारदीपर्यंत येऊन हात वर केला तर त्याला तत्क्षणी बाहेर काढायचं, मागून येणाऱ्यांना अडवायचं. समजावणीच्या तंबूंतून जितके घरी गेले त्याहून जास्त अशा रात्रीच्या वाटेनं गेले. सगळे मिळून सहाशेहून थोडे अधिक.

पोलिश लोकांचं मला जरा जास्त वाटे, त्याला कारण होतं. माझे मामा कोल्हापूरला. शाळेच्या सुट्टीत तिकडं गेलो की वळिवड्याचा पोलिश कॅम्प बघायला आम्ही पोरं जायचो. १९४३ पासून तिथं पाचेक हजार पोलिश राहत होते, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. रशियनांनी १९४० च्या सुमारास त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ते हिंदुस्थानात आले. ओळीनं बराकी, पुढं फुलझाडं, चर्च, शाळा, नाटकाचा रंगमंच. गोऱ्या बायका बाजारात वांग्यांचा भाव करताना बघून आमचे डोळे फाटायचे. १९४५ च्या जुलैत इंग्रजांनी लंडनमधल्या त्यांच्या सरकारची मान्यता काढून वॉर्साच्या कम्युनिस्ट सरकारला दिली, आणि ही माणसं एका रात्रीत पोरकी झाली. ज्यांच्या पैशावर कॅम्प चालला होता ते सरकारच कागदावरून पुसलं गेलं. नव्या सरकारचा आग्रह, आमची माणसं आम्हांला परत द्या. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेबांनी ठेवून घेतलेली अनाथ पोलिश मुलंही तो कॅम्प १९४६ मध्ये बंद झाल्यावर वळिवड्याला आली. त्यांच्यावर तर वॉर्साचा हक्क जास्तच, कारण त्यांच्या वतीनं नाही म्हणायला आईबाप नव्हते. बहुतेक जण परत गेले नाहीत. कुणी इंग्लंडला, कुणी आफ्रिकेत, कुणी ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला. १९४८ पर्यंत कॅम्प रिकामा झाला आणि त्याच बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले. आजचं गांधीनगर ते.

आता हिंद नगरात तेच वॉर्साचं सरकार आयोगाच्या टेबलाशी बसून म्हणत होतं, नागरिक हा आपल्या सरकारचा असतो. आयोगाच्या कचेरीत एक पोलिश कॅप्टन माझ्याकडून याद्यांच्या प्रती न्यायला येई. सज्जन माणूस, प्रत्येक वेळी आभार मानायचा. त्याला वळिवड्याचं सांगावं असं कितीदा ओठांवर आलं. कारकुनानं आयोगाच्या अधिकाऱ्याशी असलं बोलायचं नसतं, म्हणून राहिलं. बोललो असतो तरी त्याची पंचाईतच झाली असती. कुणास ठाऊक, त्याचीच कुणी मावशी आमच्या मामाच्या गल्लीतून पाव घेऊन गेली असेल.

थंडी पडली. तसली थंडी आमच्यातल्या कुणी जन्मात अनुभवली नव्हती. दौतीतली शाई गोठे, ती शेगडीवर ऊन करून याद्या लिहायच्या. २३ डिसेंबरला समजावणीची मुदत संपली. ठरवलेल्या नव्वद दिवसांपैकी प्रत्यक्षात समजावणी झाली ती थोडेच दिवस, आणि बहुतेक कैदी त्या तंबूपर्यंत आलेच नाहीत. मग उरलेल्यांचं काय करायचं हे ज्या राजकीय परिषदेनं ठरवायचं होतं, ती परिषदच भरली नाही. थिमय्यांच्या पुढं दोन वाटा: कैदी सोडून द्यायचे, किंवा अनिश्चित काळ कोंडून ठेवायचे. दोन्ही करायचा अधिकार आपल्याला नाही म्हणत त्यांनी तिसरी काढली. ज्यांच्याकडून घेतले त्यांच्या हवाली करायचे. २० जानेवारी १९५४ ला फाटकं उघडली. एकवीस हजारांहून अधिक माणसं झेंडे नाचवत, बिगुल वाजवत दक्षिणेकडं चालत गेली, चिनी तैवानच्या वाटेला, कोरियन सेऊलच्या. मी फाटकाशी यादी घेऊन उभा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा कैद्यांनी स्वखुशीनं नंबर दाखवले. दुसऱ्या बाजूच्या तळावरच्या एकवीस अमेरिकनांनी आणि त्या इंग्रजानं चीनची वाट धरली. अमेरिकेतले लोक हादरले म्हणतात. हादरायचं काय? माणसाला विचारायचं म्हटलं की तो आपल्याला न रुचणारंही बोलणार.

मी परत आलो आणि दोन वर्षांत आमच्याच गावाचं प्रकरण सुरू झालं. १९५६ च्या जानेवारीत बेळगाव-निपाणीत गोळीबार झाला, माणसं गेली, आणि १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. वडगावच्या कट्ट्यावर मला तेव्हा हमखास ऐकायला मिळे: तिकडं बावीस हजार चिन्यांना एकेक करून विचारत बसलात, इथं आम्हांला कोण विचारलं? मला त्यांचं दुःख कळत होतं. माझंही तेच होतं. पण ही तुलना मी कधी पुढं रेटली नाही. आमचं घर हललं नाही, माग हलला नाही, मंगाईची जत्रा आषाढात भरायची तशी भरत राहिली. कुणी आमच्या दंडावर काही गोंदलं नाही. विचारायला हवं होतं, हे खरंच. फक्त विचारणं म्हणजे काय असतं ते मी तंबूत बघून आलो होतो, त्यामुळं कट्ट्यावरच्या बाकी लोकांइतकी मला त्याची खात्री वाटत नसे.

थोरात साहेब पुढं लेफ्टनंट जनरल होऊन पूर्व विभागाचे प्रमुख झाले, चीनकडून धोका आहे हे १९६२ च्या आधीच सांगून ते निवृत्त झाले आणि कोल्हापुरात राहिले. १९९२ साली वारले. वर्तमानपत्रांनी कांगावचं लिहिलं, चीनबद्दलच्या इशाऱ्याचं लिहिलं. कोरियाला दोन ओळी. आमच्या फौजेतल्या माणसाला हे उलटं वाटतं, पण राखणीच्या कामाचं असंच असतं. काही घडलं नाही तर लिहायचं काय?

कोरियाहून परतताना आमच्या जहाजावर आणखी काही माणसं होती. बावीस हजारांतले आणि पलीकडच्या तळावरचे मिळून अठ्ठ्याऐंशी जण: बहुतेक उत्तर कोरियन, बारा चिनी, दोन दक्षिण कोरियन. त्यांनी आयोगाला सांगितलं होतं, आम्हांला इकडंही नको आणि तिकडंही नको, तिसऱ्याच देशात पाठवा. कंपाउंडात हे बोलायला दोन्ही बाजूंचा मार खावा लागे, म्हणून त्यांना वेगळं ठेवलं होतं. तिसरा देश तोवर कुणी पुढं आला नव्हता, तेव्हा हिंदुस्थाननंच त्यांना बरोबर घेतलं. त्यांची नामावली मीच केली. कुठं जायचंय या रकान्यात बऱ्याच जणांनी मेक्सिको सांगितलं. का, तर अमेरिकेच्या जवळ आणि अमेरिका नव्हे. डेकवर ते एकमेकांपासूनही थोडे अंतर राखूनच बसत. छावणीत ती सवय लागली होती. आमच्या जवानांनी त्यांना पत्ते शिकवले, त्यांनी आम्हांला लुबाडलं.

दिल्लीत त्यांना छावणीत ठेवलं. काही जण कोंबडीपालन शिकले, काही आणखी कसले कसले धंदे. मेक्सिकोनं घेतलं नाही. १९५६ मध्ये पन्नासावर जण ब्राझीलला गेले, काही अर्जेंटिनाला. थोडे इथंच राहिले. आणि थोड्यांचं मन पुढं बदललं. घरी जायचं म्हणाले, आणि परत गेले. त्यांनाही कुणी अडवलं नाही.